फ गुणिले ग आणि फ∘ग: क्ष नक्की कोणाच्या हातात जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता अकरावी सायन्स. फंक्शनच्या धड्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार जमतात, पण दोन अक्षरांच्या मध्ये तो छोटा गोल आला की आधी काय करायचं ते कळत नाही. कधी कधी सूत्र पुस्तकाच्या उत्तराशी अगदी जुळतं, तरी डोमेन चुकलं म्हणून मार्क जातात. विचारलं तर 'सराव कर, जमेल' एवढंच ऐकायला मिळतं.

अठ्ठावीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवतोय. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि विचारणारं पोर बहुतेक वेळा हुशार असतं. गोंधळ समजुतीचा आहे, त्यामुळे नुसत्या सरावाने तो जात नाही, उलट पक्का होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या वहीत एफ, जी आणि एक्स असतील. मी फ, ग आणि क्ष लिहितो, फंक्शनला (एक गोष्ट दिली की ठरलेली एकच गोष्ट परत देणारा नियम) फलन म्हणतो आणि डोमेनला (त्या नियमाला ज्या किमती चालतात तेवढ्याच) प्रांत. मराठीत लिहिल्याचा एका ठिकाणी चक्क फायदा होणार आहे, तो पुढे येईल.

समज, फ(क्ष) = क्ष + ३ आणि ग(क्ष) = २क्ष. क्ष च्या जागी ५ घे. फ कडे ५ दिले की ८ मिळतात, ग कडे ५ दिले की १० मिळतात. आता फ + ग म्हणजे १८, फ − ग म्हणजे −२, गुणाकार ८०, भागाकार ४/५. या चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: मूळचा ५ दोघांनाही मिळाला. दोघे शेजारी शेजारी बसून आपापलं काम करतात, एकमेकांच्या पाटीत डोकावत नाहीत. दोघांची उत्तरं तयार झाली की मगच आपण ती बेरजेत किंवा गुणाकारात घालतो.

फ∘ग मध्ये तसं होत नाही. तिथे दोघे एकामागे एक उभे असतात. ५ फक्त ग ला मिळतो. ग त्याचे १० करतो आणि ते १० फ च्या हातात देतो. फ ला ५ कधी दिसतच नाही. त्याच्यापुरता क्ष म्हणजे १०, म्हणून उत्तर १३. उलट ग∘फ घेतलंस तर आधी फ ५ चे ८ करतो, मग ग त्यांची दुप्पट करतो, उत्तर १६. गणित सोडवायला बसताना पहिला प्रश्न हाच विचार: मूळचा क्ष कोणाकोणाच्या हातात जातो? दोघांच्या जात असेल तर ती बेरीज-गुणाकाराची जात, एकाच्याच जात असेल तर संयुक्त फलन.

आता तो मराठीचा फायदा. फ∘ग लिहिताना फ डावीकडे असतो, पण काम आधी ग करतो. मुलांची निम्मी चूक इथेच होते, कारण डोळे डावीकडून वाचतात आणि काम उजवीकडून सुरू होतं. 'एफ ऑफ जी ऑफ एक्स' असं म्हटलं तरी तीच अडचण. मराठीत मात्र आपण बोलतो 'क्ष चा ग, आणि त्याचा फ'. ज्या क्रमाने काम होतं त्याच क्रमाने शब्द येतात. नात्यांचं उदाहरण घे. प्रत्येकाला एक आई आणि एक वडील, म्हणजे 'आई' आणि 'वडील' ही दोन फलनंच आहेत. ('भाऊ' हे फलन नाही. कोणाला तीन असतात, कोणाला एकही नसतो.) आई∘वडील म्हणजे वडिलांची आई, वडील∘आई म्हणजे आईचे वडील. पहिली तुझी आजी, दुसरे आजोबा, दोन वेगळ्या घरांतली दोन वेगळी माणसं. गोलाचं चिन्ह दिसलं की ते मनात मराठीत वाच. क्रम चुकणार नाही.

सूत्र तयार करताना मात्र दुसरीच खोड आड येते. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष + १ आणि ग(क्ष) = क्ष − २ असेल तर दरवर्षी किमान दहा वह्यांत मला 'क्ष − २² − ३क्ष − २ + १' असलं काहीतरी दिसतं. उपाय अगदी साधा आहे. फ लिहिताना क्ष पुसून तिथे रिकामा चौकोन काढ: □² − ३□ + १. मग प्रत्येक चौकोनात (क्ष − २) कंसासकट बसव. (क्ष − २)² − ३(क्ष − २) + १, म्हणजे क्ष² − ७क्ष + ११. आणि लगेच ताळा घे: क्ष = २ ठेवलास तर ग देतो ०, फ देतो १; सूत्रातही ४ − १४ + ११ = १. ताळ्याला अर्धं मिनिट लागतं. ज्यांना घाई असते तेच तो घेत नाहीत, आणि तेच चुकतात.

आता प्रांत. खरे मार्क इथे जातात, म्हणून इथे जरा थांबू.

गिरणीवाला ओलं दळण घेत नाही. मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ धुतात, सावलीत वाळवतात आणि मगच दळायला नेतात. गिरणीतून शेवटी पीठ छान पडतं म्हणून पिशवीत काहीही टाकून चालत नाही, प्रत्येक टप्प्यावर माल त्या टप्प्याला चालणारा हवा. फलनांचंही तसंच. फ∘ग च्या प्रांतात क्ष यायचा तर दोन अटी: क्ष ला ग ने दारात घेतलं पाहिजे, आणि ग ने जे दिलं ते फ ने घेतलं पाहिजे. शेवटी सूत्र कसं दिसतं याचा या दोन अटींशी काही संबंध नाही.

पुस्तकातलं तुझं चुकलेलं गणित बहुधा याच जातीचं असणार: फ(क्ष) = १/(क्ष − १), ग(क्ष) = १/क्ष. फ∘ग काढलास की १/(१/क्ष − १) येतं, आणि नेटकं केलं की क्ष/(१ − क्ष). तू हे शेवटचं रूप पाहिलंस, छेद शून्य कधी होतो ते तपासलंस आणि लिहिलंस, क्ष ≠ १. पण क्ष = ० घेऊन बघ. नेटक्या सूत्रात ० ठेवला तर ० हे उत्तर निवांत येतं. प्रत्यक्षात तो ० ग च्या दारातच अडतो, कारण १/० ला अर्थ नाही. तो फ पर्यंत पोचलाच नाही. म्हणून प्रांत: ० आणि १ सोडून सगळ्या वास्तव संख्या. सूत्र नेटकं करताना आपण आतल्या ग च्या खुणा पुसून टाकतो, म्हणून प्रांत आधी काढायचा आणि मग खोडाखोड करायची. हा क्रम मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि वर्षभर पुसू देत नाही.

याहून गमतीची जोडी म्हणजे वर्ग आणि वर्गमूळ. फ(क्ष) = क्ष², ग(क्ष) = √क्ष. फ∘ग म्हणजे आधी वर्गमूळ, मग वर्ग. उत्तर क्ष, पण क्ष ऋण असेल तर वर्गमूळाच्या दारातच परत पाठवला जातो, त्यामुळे प्रांत फक्त शून्य आणि धन संख्यांचा. ग∘फ म्हणजे आधी वर्ग, मग वर्गमूळ. इथे −७ ला कोणी अडवत नाही, त्याचे ४९ होतात आणि बाहेर ७ येतात. म्हणजे उत्तर क्ष नाही, |क्ष| आहे, आणि प्रांत सगळ्या वास्तव संख्यांचा. 'वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना कापतात' हे वाक्य आठवी-नववीत कोणीतरी तुझ्या डोक्यात भरलेलं असेल. ते आता काढून टाक.

आणि कधी कधी माल पुढे जातच नाही. ग(क्ष) = −क्ष² − १ आणि फ(क्ष) = √क्ष घे. ग नेहमी ऋणच देणार, वर्गमूळ ते घेणार नाही, प्रांत रिकामा. असा प्रश्न परीक्षेत आला की मुलांना वाटतं पेपरात छपाईची चूक आहे.

बेरीज-गुणाकाराच्या बाजूला प्रांत सोपा असतो. दोघांनाही क्ष चालला पाहिजे, म्हणजे दोन प्रांतांतला सामाईक भाग. भागाकारात वरून एक अट: खालचं फलन शून्य नको. पण नेटकं करताना खुणा पुसल्या जाण्याचा धोका इथेही आहेच. √क्ष गुणिले √क्ष म्हणजे क्ष, पण फक्त क्ष ≥ ० साठी.

क्रम बदलला तर काय होतं हे पाहायला दुकानात जा. हजार रुपयांची वस्तू, १० टक्के सूट आणि शिवाय १०० रुपयांचं कूपन. आधी सूट, मग कूपन: ९००, मग ८००. आधी कूपन, मग सूट: ९००, मग ८१०. फरक १० रुपये. वस्तू पाच हजारांची असली तरी फरक १० च राहतो, कारण एकीकडे ०.९क्ष − १०० आहे आणि दुसरीकडे ०.९(क्ष − १००), म्हणजे ०.९क्ष − ९०. कूपनाच्याच रकमेवर १० टक्के कापले गेले. पुढच्या वेळी काउंटरवर कूपन शेवटी लावायला सांग.

उलट १० टक्के सूट आणि १८ टक्के जीएसटी यांचा क्रम बदलला तर गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारी रक्कम तीच: ९०० वर १६२ कर, एकूण १०६२, किंवा ११८० मधून ११८ वजा, पुन्हा १०६२. कारण दोन्ही नुसते गुणाकार आहेत. (सरकारच्या तिजोरीत किती जातात ते मात्र बदलतं, १६२ की १८०. पण तो वाण्याचा आणि सरकारचा प्रश्न.)

मग क्रम कधी बदलला तरी चालतो? अकरावीच्या अभ्यासक्रमात हे नाही, पण मला आवडतं म्हणून सांगतो. २क्ष + १ आणि ३क्ष + २ ही दोन फलनं घे. कशीही जोड, ६क्ष + ५ च येतं. दोघांत −१ ठेवून बघ: दोन्ही −१ ला जागचं हलवत नाहीत. सरळ रेषेच्या दोन फलनांत (दोघांचाही क्ष चा गुणक १ सोडून दुसरा काही असेल तर) नेमकं हेच लागतं: दोघांनी एकाच संख्येला जागेवर ठेवलं पाहिजे. सूट आणि कर दोघेही शून्याला शून्यच ठेवतात, म्हणून जमतं. कूपन शून्यालाही हलवतं.

व्यस्त फलनाकडे, म्हणजे केलेलं काम उलटवणाऱ्या फलनाकडे, आलास की क्रमाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. घराबाहेर पडताना आधी कडी लावतोस, मग कुलूप. परत आल्यावर आधी कुलूप काढावं लागतं, मग कडी. फ∘ग उलटवायचं तर ग चं व्यस्त आधी लावून चालत नाही; आधी फ उलटवायचा, मग ग. तापमानाचं सूत्र हेच आहे. सेल्सिअसचं फॅरनहाइट करताना ९/५ ने गुणतोस आणि मग ३२ मिळवतोस. ताप १०४ आहे, सेल्सिअसमध्ये किती? आधी ३२ वजा, ७२ उरले, मग ५/९ ने गुणलं, ४०. आधी ५/९ ने गुणून मग ३२ वजा केलेस तर १०४ चे पंचवीस-सव्वीस होतात, आणि इतक्या थंड अंगाचा माणूस तापाच्या गोळीच्या पलीकडे गेलेला असतो.

जाता जाता चिन्हांबद्दल एक तक्रार. साइनच्या डोक्यावर २ लिहिला की त्याचा अर्थ साइनच्या किमतीचा वर्ग, आणि तिथेच −१ लिहिला की त्याचा अर्थ व्यस्त फलन, १ भागिले साइन नव्हे. एकाच जागी बसलेल्या आकड्याचे दोन अर्थ! −१ चं हे चिन्ह जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१३ साली आणलं, आणि त्याचं म्हणणं सुसंगत होतं: डोक्यावरचा आकडा म्हणजे फलन तितक्या वेळा लावणं. त्याच्या हिशेबाने डोक्यावर २ म्हणजे साइनचा साइन व्हायला हवा होता. जगाने त्याचं अर्धं ऐकलं. तुझा गोंधळ होत असेल तर दोष तुझा नाही, पण परीक्षेत रूढ अर्थच लिहावा लागेल.

आता शेवटचं उदाहरण. फलनं शेजारी बसवणं आणि एकामागे एक उभी करणं, दोन्ही एकाच खेळात हवं असेल तर मी वर्गात नेहमी हेच घेतो, कारण ते आपल्या देवळालीच्या एका शाळामास्तरांचं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, चढत्या क्रमाने मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. सातव्या वजाबाकीपर्यंत कधीतरी ६१७४ येतंच, आणि मग तिथून हलत नाही. हा शोध १९४९ सालचा.

आपल्या भाषेत मांडू. उ म्हणजे अंक उतरते मांडणारं फलन, च म्हणजे चढते मांडणारं. क = उ − च. हे झालं शेजारी बसवणं. दोघांनाही मूळची संख्या मिळते. उ∘च काढलंस तर त्यातून नवीन काही निघत नाही, ते उ च असतं, कारण आधी कसंही मांडलं तरी शेवटी उतरतंच मांडायचंय. तसंच च∘उ म्हणजे च. ज्याचा हात शेवटी लागला त्याचं चालतं. मग क∘क, क∘क∘क अशी रांग लावायची. कापरेकरांचं जन्मवर्षच घेऊ:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात. म्हणजे क ची सात वेळा रांग लावून जे संयुक्त फलन होतं ते एक स्थिर फलन आहे. कोणतीही चालणारी संख्या द्या, उत्तर ६१७४. क स्वतः स्थिर फलनासारखं अजिबात दिसत नाही, पण सात क एकामागे एक उभे राहिले की सगळ्या संख्या एकाच दारातून बाहेर पडतात.

आणि प्रांताचा प्रश्न इथेही डोकं वर काढतो. १००० घे. १००० − ०००१ = ०९९९. वर्गात अर्धी मुलं सवयीने पुढचा शून्य गाळतात आणि ९९९ लिहितात. मग पुढची वजाबाकी ९९९ − ९९९, उत्तर शून्य, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, 'सर, कापरेकर चुकले.' चुकले नाहीत. क ला चार अंक लागतात, आपण त्याच्या हातात तीन दिले. शून्य राहू दिला तर ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४.

तीन अंकी संख्या घेऊन हाच खेळ घरी कर, शून्य न गाळता. कुठे थांबतोस ते मी सांगत नाही.